शिमगा संपला, ३१ मार्चही झाला, आता बर्फ पिकलाय: गुलमर्गातलं एप्रिलचं स्कीइंग

हर्णैकर | १९ एप्रिल, रात्री ९.४०

परवा घरी पोचलो. अंगणात पाय ठेवला तर फरशी तापलेली, आणि माझ्या नाकाच्या शेंड्याची सालं निघत होती. आईनं ओळखलं नाही म्हणा ना. आठ दिवस गुलमर्गला होतो. तिथे एप्रिलात स्कीइंग करता येतं आणि ते जानेवारीपेक्षा वेगळं, माझ्या मते जास्त गोड असतं, हे इथे सांगावं म्हणून धागा काढतोय. आपल्या किनारपट्टीतून हिवाळ्यात गुलमर्गला जाणारे आता बरेच आहेत. उशिराच्या हंगामात मात्र कोणी जात नाही.

मी पतसंस्थेत आहे. डिसेंबर ते मार्च सुट्टीचं नाव काढता येत नाही. शिमग्याला पालखी घरी यायची, तेव्हा हलायचं नाही. ३१ मार्चचं क्लोजिंग झालं की मग कुठे श्वास. स्कीइंग शिकलो ते सहा वर्षांपूर्वी, वयाच्या चाळिशीत, जानेवारीत कशीबशी रजा काढून. त्यानंतर एक खेप फेब्रुवारीत. या वेळी पहिल्यांदाच एप्रिल. जाताना मनात धाकधूक होती की सगळं वितळलेलं असेल, नुसता चिखल बघून परत यावं लागेल.

गुलमर्ग गावात खरंच चिखल होता. गाव साधारण २,६५० मीटरवर आहे. हिवाळ्यात नवशिके जिथे शिकतात त्या कुरणात पिवळं गवत वर आलेलं, मधे मधे बर्फाचे मळकट तुकडे. मन खट्टू झालं. पण गोंडोला, म्हणजे तिथली केबिनांची केबल कार, आपल्याला तिथे ठेवत नाही. पहिल्या टप्प्यात कोंगदोरी, ३,०८० मीटरच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराचा खांदा, चार हजार मीटरला थोडंसंच कमी. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. या दुसऱ्या टप्प्यामुळेच एप्रिल हाती लागतो. खाली वसंत आणि वर पुरुषभर बर्फ.

आता मूळ गोष्ट. पहिल्या दिवशी मी हिवाळ्याच्या सवयीनं पहिल्या केबिनमधून वर गेलो. सव्वानऊ झाले असतील. स्की बांधल्या आणि निघणार, तर आमच्या गाइडनं हात आडवा धरला. खालच्या तंगमर्ग गावचा माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानं पोल, म्हणजे स्कीची काठी, उलटा करून बर्फावर आपटला. टक्. लादीवर आपटावा तसा आवाज. म्हणाला, ‘अभी नहीं साहब. पकने दो.’

पिकू दे! बर्फ पिकतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आम्ही स्की काढल्या, बर्फावर आडव्या टाकून त्यांच्यावर बसलो. त्यानं थर्मासमधला नून चाय काढला, मीठ घातलेला गुलाबी चहा, आणि सोबत कुलचे. दर दहा मिनिटांनी तो पोल टोचून बघायचा. पावणेदहाला टोक नखभर गेलं. दहाला बोटाचं एक पेर. तेव्हा तो उठला.

मी हातमोजा काढून मूठभर बर्फ घेतला. पीठ नव्हतं ते. कण्या होत्या. तांदळाच्या कण्या, काही तर साबुदाण्याएवढ्या, एकेक दाणा वेगळा, काचेसारखा, ओला पण न चिकटणारा. बोटांमधून सरकून खाली पडला तो. इंग्रजीत याला कॉर्न स्नो म्हणतात. आपल्याकडे शब्द द्यायचा तर मी ‘कणीचा बर्फ’ म्हणेन.

होतं असं की दिवसा ऊन बर्फाच्या वरच्या थराला वितळवतं, रात्री तोच थर पुन्हा गोठतो. असं पाच-सहा दिवस, दोन आठवडे चाललं की बर्फाच्या चांदण्यांची टोकं झिजतात, बारके कण मोठ्या कणांत जिरतात आणि गोल दाणे तयार होतात. रात्री हे दाणे एकमेकांना गच्च धरून असतात, म्हणून सकाळी लादी. ऊन आलं की आधी त्यांच्यातला सांधा सुटतो. वरचं बोटभर मोकळं, खाली अजून टणक. ती वेळ म्हणजे सोनं. स्की वळवायला जोर लावावा लागत नाही. नुसतं वजन या पायावरून त्या पायावर दिलं की वळण येतं, आणि खालून आवाज येतो तो सुपात तांदूळ ओतल्यासारखा. मी आजवर एवढा निर्धास्त कधीच उतरलो नव्हतो.

आणि मग ती वेळ संपते. साडेअकरा-बाराला दाण्यांखालचा टणक थरही सुटायला लागतो. स्की पाण्याला चिकटल्यासारखी ओढते. आपण पुढे जातो, ती मागे राहते.

माझे वडील मासेमारीतले. हर्णै बंदरातल्या माणसाला घड्याळाआधी तिथी कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठ. वर बसून पोल टोचणाऱ्या त्या माणसाकडे बघताना मला सारखे बाबा आठवत होते. तोही वेळेचीच वाट बघत होता. हिवाळ्यात बर्फ दिवसभर आपला असतो. एप्रिलात तो भरतीसारखा येतो आणि ओसरतो, आणि त्याच्या वेळेला आपण हजर राहायचं असतं.

तिसऱ्या दिवशी मी हे विसरलो. दीड वाजता ‘अजून एकच’ म्हणून वर गेलो. गाइड नको म्हणत होता. अर्ध्या उतारावर उजवी स्की खिचडीत रुतली, मी गोल फिरलो आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सुटायचा तो खटका, सुटलंच नाही. ज्या दुकानातून स्की घेतली होती तिथे माझं वजन न विचारताच स्प्रिंग आवळून दिली होती. तपासून घेणं माझंही काम होतं, ते मी केलं नाही. गुडघा दोन दिवस सुजला. त्यातला एक दिवस फुकट गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

कोणी एप्रिलात तिथे किंवा बाहेरच्या देशात गेलं असेल तर लिहा. मला अजून शिकायचंय.

---

कलमवाला | १९ एप्रिल, रात्री १०.२५

हर्णैकर, ‘पकने दो’ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे आत्ता आंब्याच्या अढ्या लागल्यात. गवतात हात घालून फळ दाबून बघायचं, आणि ‘उद्या’ म्हणून परत झाकायचं. तुमचा गाइड पोलानं तेच करत होता.

एक विचारतो. रात्री आभाळ असेल तर काय होतं? आम्हा बागायतदारांचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. मोहोराच्या दिवसांत आभाळ निरभ्र आणि रात्र थंड हवी. मळभ आलं की तुडतुडे आले, भुरी आली, फवारणी आली. तिथेही असं काही असेल असं माझं मन सांगतंय.

---

हर्णैकर | १९ एप्रिल, रात्री १०.५०

काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. आठ दिवसांतले दोन दिवस असेच गेले. आदल्या रात्री ढग होते. सकाळी वर गेलो तर पोल सरळ वीतभर आत. लादी झालीच नव्हती, म्हणून कणीही नाही. नुसता आदल्या दिवशीचा चिखल. गाइड म्हणाला, आज खाली चला, आणि आम्ही चहा पिऊन गोंडोलातूनच परत आलो.

कारण त्यानं सांगितलं ते असं. आभाळ उघडं असलं की बर्फ आपली उष्णता वर आभाळात सोडून देतो. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी बर्फाचा पापुद्रा गोठतो. ढग आले की ती उष्णता अडते. आपल्याकडे दंव पडतं तेही असंच, निरभ्र रात्रीच. म्हणून तिथे मी रोज झोपण्याआधी बाहेर येऊन चांदण्या बघायचो. तारे स्वच्छ दिसले की बूट शेगडीजवळ वाळत टाकायचे आणि साडेसातचा गजर लावायचा.

---

देवगडची लेक | २० एप्रिल, पहाटे १.१५

दादा, किती छान लिहिलंत. मी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आहे, नऊ वर्षं झाली. माहेर देवगड. एप्रिल-मे हा इथल्या माझ्या वर्षातला सगळ्यात लाडका काळ, आणि घरी फोनवर तो कोणाला समजावून सांगता येत नाही. आता तुमचा धागाच पाठवते.

इथे तुमच्या कणीच्या बर्फाला ‘फिर्न’ म्हणतात. हवामानाच्या बातम्यांसारखी फिर्नची चर्चा चालते: कुठल्या उताराला किती वाजता. उताराचं तोंड कुठे आहे त्यावर सगळं असतं. उगवतीकडे तोंड असलेला उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, मावळतीकडचा दुपारी. जाणकार माणसं सूर्याच्या मागे मागे उतार बदलत जातात आणि एकाच दिवशी तीन वेळा ती ‘भरती’ गाठतात. तुमच्या गाइडला पुढच्या वेळी हे नक्की विचारा. त्याला ठाऊक असणारच.

आल्प्समध्ये सुद्धा उंचीच सगळं ठरवते. खालची गावं मार्चअखेर बंद होतात. व्हाल तोरान्स हे फ्रान्समधलं गावच मुळी २,३०० मीटरवर वसलेलं, तिथे मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं. स्वित्झर्लंडमधलं झेरमाट आणि आमच्याकडचं हिन्टरटुक्स ही दोन्ही हिमनद्यांवरची ठिकाणं, वर्षाचे बाराही महिने स्की करता येणारी. झेरमाटची केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत जाते, म्हणजे तुमच्या अफरवटच्या तोडीस तोड. हिन्टरटुक्सची सगळ्यात वरची लिफ्ट ३,२५० मीटरवर. माझ्या घरून दीडेक तासात पोचते.

गंमत वाटेल, इथे बरीच ठिकाणं बंद होतात ती बर्फ संपला म्हणून नाही, माणसं संपली म्हणून. खाली गवत हिरवं झालं, झाडांना फुलं आली की लोकांना सायकल आठवते. वर दोन मीटर बर्फ पडून असतो आणि लिफ्टला कोणी नसतं. तेव्हा जायचं! सकाळी बर्फ, दुपारी खाली झाडाखाली अर्ध्या बाहीच्या शर्टात जेवण.

आणि हंगाम संपताना काही ठिकाणी उताराच्या पायथ्याशी पाण्याचं तळं करतात. वरून सुसाट यायचं आणि स्कीसकट पाण्यावरून पलीकडे जायचं. लोक सोंगं घेऊन येतात, कोणी अस्वल, कोणी नवरी. बहुतेक जण मधेच बुडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिमग्यातल्या संकासुराच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी आलं होतं.

---

वाशिष्ठीकाठ | २० एप्रिल, सकाळी ७.३०

मी चिपळूणला डॉक्टर आहे, स्की करत नाही. पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली उंची. हर्णैचा माणूस म्हणजे अक्षरशः समुद्रसपाटीवरचा. सकाळी निघून संध्याकाळी २,६५० मीटरवर झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासात चार हजारांजवळ, हे शरीराला जड जातं. ४,००० मीटरवर हवेचा दाब किनाऱ्याच्या साधारण ६० ते ६२ टक्के असतो. दर श्वासात तेवढाच कमी प्राणवायू. शक्य असेल तर श्रीनगरला एक रात्र, गुलमर्गला एक-दोन रात्री, मग दुसरा टप्पा. पाणी पीत राहा. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय असं झालं तर औषध शोधत वर बसू नका, खाली या. खाली येणं हेच पहिलं औषध. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

दुसरी, हर्णैकरांच्या नाकाची सालं. आपण म्हणतो, आम्ही किनाऱ्यावरची माणसं, आम्हाला उन्हाची सवय. ती सवय तिथे पुरत नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. शिवाय कोरडी वाळू त्यातली १५ टक्के परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ऊन खालूनही येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानाच्या पाळीमागे क्रीम लावा, दर दोन तासांनी परत लावा. आणि गॉगल क्षणभरही काढू नका. बर्फानं डोळे भाजले की ते त्याच वेळी कळत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सुरू होतं आणि रात्र काढणं मुश्कील होतं.

गुडघ्याचं म्हणाल तर, हर्णैकर, सूज गेली तरी एकदा दाखवून घ्या. पिळवटलेल्या गुडघ्यात अस्थिबंध अर्धवट फाटलेला असू शकतो, आणि चालताना तो कळत नाही.

---

तारकर्लीकर | २० एप्रिल, सकाळी ९.०५

आमच्या हयसर घामान जीव जाता आणि तुमी बर्फाचा सांगतास. वाचून बरा वाटला. माका एकच विचारूचा आसा. माझो झील बारावी झालो. पोहूक येता, बोटीर उभो रवता, समतोल चांगलो आसा. तेका शिकूचा आसा. एप्रिलात नवख्यान जावचा काय नको?

---

हर्णैकर | २० एप्रिल, दुपारी १.३०

तारकर्लीकर, मनापासून सांगतो, पहिल्यांदा शिकायला एप्रिल नको. शिकण्याचं कुरण गावातच आहे आणि ते तेव्हा वितळलेलं असतं. कोंगदोरीला थोडी जागा उरते, पण दहा-साडेदहानंतर तिथेही मऊ होतं. नवशिक्याला दिवसभर पडायला-उठायला बर्फ लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा. गुलमर्गात केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, तिचे हिवाळ्यात ठराविक दिवसांचे वर्ग चालतात. उत्तराखंडात औलीलाही शिकवतात. एक हिवाळा पाय बसले की मग मुलाला एप्रिलात न्या. तो परत यायचं नाव काढणार नाही.

आणि त्याला आरिफ खानबद्दल नक्की सांगा. तंगमर्गजवळचाच मुलगा. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे एकटा तोच उतरला होता, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या वळणावळणानं उतरायच्या शर्यतींमध्ये. माझ्या गाइडच्या बोलण्यात त्याचं नाव दिवसातून तीनदा तरी यायचं.

डॉक्टरसाहेब, सोमवारी दापोलीला दाखवतो. शब्द देतो.

---

आगरातला | २० एप्रिल, संध्याकाळी ६.१५

मिठागरं असलेल्या गावचा आहे. मीठ आणि बर्फ यांचं नातं इथे लिहायलाच हवं.

उशिराच्या हंगामात शर्यती असतात तेव्हा मऊ झालेल्या उतारावर चक्क मीठ टाकतात. साधं, आपलं जाडं मीठ. वाचून आश्चर्य वाटेल, कारण मीठ बर्फ वितळवतं हे आपल्याला ठाऊक. पण वितळायला लागणारी उष्णता ते आजूबाजूच्या ओल्या बर्फातून ओढून घेतं. त्यामुळे खालचं पाणी गोठतं आणि उतार काही वेळ टणक होतो. मे महिन्यात पॉटमधलं आंब्याचं आइस्क्रीम करताना लाकडी बादलीत बर्फावर मीठ घालतो ना, तेच. मूठ मूठ मीठ टाकत, हँडल फिरवत बसायचं, आणि आतला डबा इतका गार होतो की हात चिकटतो.

मात्र आधीच ओला असलेल्या बर्फावरच हे चालतं. कोरड्या बर्फात गोठायला पाणीच नसतं.

---

कलमवाला | २० एप्रिल, रात्री ८.४०

हे मला माहीत नव्हतं. उद्या आमच्याकडे आइस्क्रीमचा पॉट निघणार आहे, नातवंडांना सांगतो.

हंगामाबद्दल थोडं बोलू द्या. आमचा मोहोर पुढे सरकत चाललाय. थंडी उशिरा पडते, पहिला मोहोर हुकतो, आंबा एप्रिल उलटून येतो. बर्फाचंही तसंच चाललंय का?

---

हर्णैकर | २० एप्रिल, रात्री ९.२०

चाललंय, काका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं, ते फोटो सगळीकडे आले होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्याव्या लागल्या. बर्फ येतो, पण उशिरा येतो. गाइडचं म्हणणं, पूर्वी मार्च-एप्रिलला परदेशी मंडळी गेली की ते लोक शेतीला लागायचे. आता काही वर्षी खरा हंगामच तेव्हा सुरू होतो.

तो हे सांगत होता तेव्हा आम्ही कोंगदोरीला बसलो होतो आणि सगळीकडून पाण्याचा आवाज येत होता. बर्फाच्या पोटातून, दगडांच्या फटीतून. ते पाणी खाली फिरोजपूर नाल्याला जातं, तिथून तंगमर्गकडच्या गावांना. म्हणाला, आमची भातं याच्यावर. हिवाळा कोरडा गेला की आमचं स्कीइंगही जातं आणि पाणीही. मला आपली विहीर आणि मे महिना आठवला. त्यानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही.

---

वाशिष्ठीकाठ | २१ एप्रिल, सकाळी ७.१०

हिमस्खलनाचं कोणी लिहिलं नाही अजून. एप्रिलात तो धोका कमी असतो का?

---

देवगडची लेक | २१ एप्रिल, दुपारी १२.५०

डॉक्टर, कमी नसतो, वेगळा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गात एक परदेशी स्कीपटू हिमस्खलनात गेला. ते भर हिवाळ्यातलं, ताज्या बर्फाचं. वसंतातलं ओल्या बर्फाचं असतं. उन्हानं वरचं पाणी खाली झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा ओला थर सरकतो. वेग कमी, पण वजन ओल्या सिमेंटसारखं.

त्याला वेळ असते, ही त्यातली चांगली गोष्ट. रात्री नीट गोठलेला उतार सकाळी बहुतेक सुरक्षित, दुपारी नाही. माझ्या इथल्या शिक्षिकेनं मला तीन खुणा दिल्यात. स्की काढून उभं राहिलं आणि बूट घोट्याच्या वर रुतला, तर उतारावरून निघायचं. वरच्या बाजूनं बर्फाचे लहान लहान लाडू वळत, मोठे होत घरंगळायला लागले, तर ताबडतोब निघायचं. आणि रात्री गोठलंच नसेल तर त्या दिवशी तीव्र उतारावर पाऊलच टाकायचं नाही, सकाळी सुद्धा. दादांच्या गाइडनं ढगाळ रात्रीनंतर चहा पाजून परत आणलं, त्याला माझा नमस्कार सांगा.

गुलमर्गात गस्तीपथक आहे, ते रोज धोक्याची पातळी जाहीर करतं. ते बघूनच निघा, आणि राखलेल्या भागाबाहेर एकट्यानं जाऊ नका.

---

हर्णैकर | २१ एप्रिल, रात्री ९.००

ताई, ते लाडू मी बघितले! त्या दीड वाजताच्या फेरीत. माझ्या डावीकडून दोन-तीन घरंगळत गेले आणि मी त्यांच्याकडे कौतुकानं बघत उभा होतो. आज त्यांचा अर्थ कळला. हे माझ्या दोन्ही मित्रांना पाठवतो, ते पुढच्या वर्षी येणार आहेत.

प्रवासाचं तिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय म्हणून इथेच लिहितो. मी खेडहून मुंबई, तिथून विमानानं श्रीनगर. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. एप्रिलात रस्ता मोकळा असतो, चाकांना साखळ्या लावलेली चेनची गाडी लागली नाही. गोंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, आणि वारा असला की दुसरा टप्पा बंद राहतो हे धरून दोन दिवस हातचे ठेवा. माझं प्रीपेड सिम तिथे चाललं नाही, मित्राचं पोस्टपेड चाललं. स्कीच्या तळाला उन्हाळी वॅक्स (मेण) लावून घ्या, त्यानं दुपारची ओढ बरीच कमी होते. बाइंडिंग समोर उभं राहून लावून घ्या, वजन सांगा, आकडा बघा.

पुढच्या खेपेला मात्र रेल्वेनं जायचं ठरवलंय. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला गाडी जाते. वाटेतला चिनाबवरचा पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, आणि त्या टप्प्याचं काम कोकण रेल्वेकडे होतं. ज्यांनी आपल्या दऱ्यांवर पानवलचा पूल उभा केला, त्यांनीच. त्या पुलावरून मला बाबांना घेऊन जायचंय. ते बहात्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर बर्फ बघितला तो बर्फाच्या कारखान्यातला, लादी फोडून मासळीवर टाकायचा. तो लवकर पाणी होऊ नये हीच धडपड. डोंगरावर पसरलेला बर्फ त्यांनी बघितलेला नाही.

---

देवगडची लेक | २२ एप्रिल, रात्री ११.३०

बाबांना नक्की न्या. दादा, मासळीच्या बर्फावर गोणपाट टाकता ना? इथे स्टुबाईच्या हिमनदीवर उन्हाळ्यात पांढऱ्या जाड कापडांचे पट्टे अंथरतात, खालचा बर्फ टिकावा म्हणून. मी दर वर्षी बघते आणि मला देवगडची जेटी आठवते. बाबांना सांगा, ते लगेच समजतील.

---

हर्णैकर | २३ एप्रिल, रात्री ८.१५

वाचून दाखवलं त्यांना. बराच वेळ फोन हातात धरून होते.

---

देवगडची लेक | ३ मे, दुपारी ४.४०

आज हिन्टरटुक्सला गेले होते, तुमच्या बाबांसाठी वेळा टिपून आणल्यात. ९.२० ला बर्फ टक्क, पोल आत गेला नाही. १०.१० ला कण्या सुटल्या, उगवतीच्या उतारावर. तिथे चार फेऱ्या. ११.०५ ला वरच्या दक्षिणेच्या उतारावर गेलो, तोवर तो तयार होता. १२.१५ ला बूट रुतायला लागला, उतरलो. आभाळ काल रात्री लख्ख होतं.

---

हर्णैकर | ३ मे, रात्री ९.०५

सांगितलं. त्यांनी वेळा दोनदा विचारून घेतल्या. मग म्हणाले, भरती उद्या पाऊण-एक तास पुढे जाईल, तसा हा बर्फ उद्या किती वाजता?

---

देवगडची लेक | ३ मे, रात्री ११.२०

त्यांना सांगा, हा चंद्राचा नाही, सूर्याचा आहे. उद्याही १०.१० लाच. रात्री आभाळ उघडं राहिलं तर.